ईथ०च्या नावाचा प्रवास

आमच्या पिढीतल्या लिनक्सवाल्यांच्या बोटांना 'ईथ०' हे नाव पाठ होतं. कर्नलला जे नेटवर्क कार्ड आधी सापडेल ते ईथ०, मागून येईल ते ईथ१. कार्ड एकच असेल तर चिंता नव्हती. दोन असली, की रीबूटनंतर आतलं आणि बाहेरचं नेटवर्क आपसांत बदलणार तर नाही ना, ही धास्ती असे. फायरवॉलचे नियम या नावांवरच बेतलेले असत.

यावर लिनक्समधली उपकरणं सांभाळणाऱ्या युडेव्हने उपाय काढला. कार्डाचा मॅक पत्ता आणि त्याला दिलेलं नाव '७०-पर्सिस्टंट-नेट' या फाइलीत कायमचं लिहून ठेवायचं. खऱ्या यंत्रांवर हे छान चाललं. व्हर्च्युअल मशीनवर मात्र अंगाशी आलं. क्लोन केलेल्या मशीनला नवा मॅक पत्ता मिळतो, तो मिळायलाच हवा. पण डिस्कबरोबर जुनी फाइलही आलेली असते. तिच्या लेखी ईथ० हे नाव मूळ मशीनच्या कार्डासाठी राखलेलं, म्हणून नवं कार्ड ईथ१ होई. आयपी पत्ता ईथ०च्या नावावर तसाच पडून राही. मशीन चालू, पण बाहेरून पोहोचायला वाट नाही. कन्सोल उघडून ती फाइल पुसण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या. टेम्प्लेट बनवण्याआधी ती काढायची, हे नव्या सहकाऱ्याला आम्ही पहिल्याच दिवशी सांगत असू.

२०११ मध्ये फेडोरा १५ने कार्डांना वेगळ्या पद्धतीने नावं देणारं डेलचं 'बायोसडेव्हनेम' आणलं, पण व्हर्च्युअल मशीन दिसली की ते बाजूला होई. खरा बदल झाला जानेवारी २०१३ मध्ये, सिस्टमडी १९७ आलं तेव्हा. आता नाव कार्डाच्या जागेवरून ठरू लागलं. व्हर्च्युअलबॉक्समधलं 'ईएनपी०एस३' म्हणजे पीसीआय बस शून्य, स्लॉट तीन. व्हीएमवेअरवरचं 'ईएनएस१९२' पाहून इतके स्लॉट कुठून आले असं वाटे. तो आकडा मशीनच्या व्हीएमएक्स फाइलीत लिहिलेला असतो. हायपर-व्हीचं कार्ड पीसीआयवर नसतंच, त्यामुळे तिथे ईथ० टिकून राहिलं.

मला या पद्धतीबद्दल आदर आहे, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये स्लॉटही कुणीतरी लिहिलेलाच असतो. केव्हीएमवर मशीनचा प्रकार आय४४०एफएक्सवरून क्यू३५ केला, की 'ईएनएस३'चं 'ईएनपी१एस०' होतं आणि नेटवर्क पुन्हा गप्प. म्हणून अनेकांनी बूटच्या ओळीत 'नेट.आयएफनेम्स=०' घालून जुनं नाव परत आणलं. एका कार्डाच्या मशीनवर मीही तेच करतो. दोन कार्डं असली, तर दोघांचे मॅक पत्ते मी स्वतः ठरवून देतो, ५२:५४:०० पासून सुरू होणारे, आणि सिस्टमडीच्या लिंक फाइलीत एकाला 'आत' आणि दुसऱ्याला 'बाहेर' या अर्थाची नावं लिहितो.