एक 'कास्ट', दोन शब्द

शाळेचा अर्ज भरताना मुले विचारतात, "कास्ट म्हणजे काय?" मराठीत हा शब्द एकच दिसतो, पण इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत.

शेवटी 'ई' नसलेला 'कास्ट' उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतला. अर्थ, फेकणे, टाकणे. समसमान मते पडली की सरपंच टाकतात ते कास्टिंग व्होट. कास्ट आयर्न म्हणजे ओतीव लोखंड. आपल्या घरातला बिडाचा तवा त्याचाच. ब्रॉडकास्ट म्हणजे मुळात बी फोकून पेरणे. रेडिओचे प्रसारण हा अर्थ नंतरचा.

'ई' असलेला 'कास्ट' पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला. अर्थ, वंश, कूळ. पोर्तुगिजांनी तो इथल्या जातींना लावला. म्हणजे शब्द परका, पण विषमता इथलीच! डॉ. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उगमावर निबंध वाचला आणि १९३६ साली जातिनिर्मूलनाचा विचार ग्रंथरूपाने मांडला.

१९९० च्या कायद्याने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही मिळाल्या. त्यासाठी कास्ट सर्टिफिकेट लागते. पालकहो, ते वेळेत काढा, जपून ठेवा. मनातली जात मात्र पहिल्या 'कास्ट'च्या अर्थाने फेकून द्या.