४५० हॉर्सपॉवरची शेव्हेल आणि ३६० ची ब्युइक, तरी ड्रॅग रेसमध्ये दोघी बरोबरीत कशा?

जुन्या अमेरिकन मसल कारचे व्हिडीओ पाहणाऱ्यांना दोन नावं हमखास माहीत असतात. पहिलं शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ एलएस-६, दुसरं ब्युइक जीएस ४५५ स्टेज-१. दोन्ही गाड्या १९७० च्या. कंपनीच्या कागदावर शेव्हेलची ताकद ४५० हॉर्सपॉवर, तर ब्युइकची ३६०.

फरक ९० हॉर्सपॉवरचा, म्हणजे निकाल ठरलेलाच असं कुणालाही वाटेल. पण १९७० च्या जानेवारीत मोटर ट्रेंड मासिकानं ब्युइक पळवली तेव्हा तिनं पाव मैल १३.३८ सेकंदात कापला. पुढच्याच महिन्यात हॉट रॉड मासिकात शेव्हेलची वेळ छापून आली, १३.४४ सेकंद.

कमी ताकदीची गाडी पुढे? इथून जो वाद सुरू झाला, तो आजही कमेंट्समध्ये चालूच आहे. तो समजून घ्यायचा तर आधी या दोघींचं नातं बघायला पाहिजे.

एकाच घरातल्या दोन बहिणी

शेव्हरोले आणि ब्युइक हे दोन्ही ब्रँड जनरल मोटर्सचे. या दोन गाड्यांचा मूळ सांगाडाही एकाच कुटुंबातला, कंपनीच्या भाषेत ए-बॉडी. इंजिनं मात्र दोघींची वेगळी, प्रत्येक ब्रँडनं आपापलं बनवलेलं.

१९६९ पर्यंत जनरल मोटर्सचा एक नियम होता. मधल्या आकाराच्या गाडीत ४०० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. १९७० च्या मॉडेलसाठी हा नियम उठला आणि शेव्हरोलेनं ४५४, तर ब्युइकनं ४५५ क्यूबिक इंचांचं इंजिन बसवलं. लिटरमध्ये सांगायचं तर साधारण साडेसात लिटर.

ड्रॅग रेसमध्ये नेमकं मोजतात काय?

रस्ता सरळ, अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. शेवटी हातात दोन आकडे पडतात.

पहिला म्हणजे वेळ. हिरवा दिवा लागल्यावर घड्याळ सुरू होतं असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. गाडी सुरुवातीच्या रेषेवरून हलली की घड्याळ सुरू होतं. त्यामुळे ड्रायव्हर दिवा बघून उशिरा निघाला तर तो शर्यत हरू शकतो, पण गाडीची वेळ बिघडत नाही.

दुसरा आकडा म्हणजे शेवटच्या टप्प्यातला वेग. याला ट्रॅप स्पीड म्हणतात.

हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. वेळ बरीचशी सुरुवातीच्या काही मीटरवर ठरते. टायरनं रस्ता पकडला तर गाडी झेपावते, नाही पकडला तर चिखलात अडकल्यासारखं चाक जागीच फिरतं आणि तिथे गेलेला वेळ पुढे भरून निघत नाही. ट्रॅप स्पीडवर मात्र सुरुवातीच्या घसरण्याचा फारसा परिणाम होत नाही. वजनाच्या मानानं इंजिनात दम किती, हे तो बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगतो.

आता आकडे पुन्हा बघू

ब्युइक: १३.३८ सेकंद, ट्रॅप स्पीड ताशी १०५.५ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर.

शेव्हेल: १३.४४ सेकंद, ट्रॅप स्पीड ताशी १०८.१७ मैल, म्हणजे सुमारे १७४ किलोमीटर.

वेळेत ब्युइक ०.०६ सेकंदानं पुढे. त्या वेगाला एवढ्या वेळात गाडी जेमतेम तीन मीटर जाते. शेव्हेलची लांबी साधारण पाच मीटर. म्हणजे फरक साधारण अर्ध्या गाडीचा.

वेगात मात्र शेव्हेल पुढे. याचा अर्थ तिच्या इंजिनात ताकद जास्त होती, पण ती सुरुवातीला पूर्ण वापरता आली नाही. तिचे एफ७०-१४ मापाचे टायर आजच्या मानानं अरुंद. शिवाय तिचा ५०० पौंड-फूट टॉर्क ३६०० आरपीएमला मिळायचा, तर ब्युइकचा ५१० पौंड-फूट टॉर्क २८०० लाच. थोडक्यात, ब्युइक इंजिन फार न ताणता जोर लावायची, शेव्हेलला आधी आरपीएम चढवावे लागायचे.

मग ३६० चा आकडा खरा होता का?

इथे साधं गणित कामी येतं. वजन सारखं धरलं तर लागणारी ताकद ट्रॅप स्पीडच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दोघींच्या वेगात फरक अडीच टक्क्यांचा, म्हणजे ताकदीत साधारण ८ टक्के. कागदावर मात्र हा फरक २५ टक्के आहे. शेव्हेलचा ४५० हा आकडा बरोबर धरला, तर ब्युइकची ताकद ४१५ च्या आसपास निघते. हिशोब ढोबळ आहे, पण ३६० पासून बराच लांब आहे.

आणखी एक खूण आहे. साध्या जीएस ४५५ ची ताकद ३५० सांगितली जायची. स्टेज-१ मध्ये मोठे व्हॉल्व्ह आणि जास्त आक्रमक कॅमशाफ्ट आले, तरी कंपनीनं फक्त १० हॉर्सपॉवर वाढवून सांगितली.

कमी आकडा सांगण्यात फायदाही होता. त्या काळात विमा कंपन्या जास्त हॉर्सपॉवरच्या गाड्यांना, खासकरून तरुण ड्रायव्हरना, जबर हप्ता लावू लागल्या होत्या. शिवाय ड्रॅग रेसच्या स्टॉक वर्गात गाडीचा गट वजन आणि हॉर्सपॉवरच्या प्रमाणावरून ठरायचा, त्यामुळे कागदावरचा आकडा कमी असेल तर गट सोपा मिळण्याची शक्यता असायची.

तर मग जास्त वेगवान कोण?

आता तिसरा आकडा. कार क्राफ्ट मासिकानं शेव्हेल एलएस-६ पळवली तेव्हा वेळ आली १३.१२ सेकंद आणि ट्रॅप स्पीड ताशी १०७.०१ मैल. म्हणजे हॉट रॉडच्या शेव्हेलपेक्षा शेवटचा वेग कमी, तरीही ती ०.३२ सेकंद आधी पोचली. सगळा खेळ सुरुवातीच्या पकडीचा.

एकाच मॉडेलच्या दोन चाचण्यांत ०.३२ सेकंदाचा फरक पडत असेल, तर दोन वेगळ्या गाड्यांमधल्या ०.०६ सेकंदावरून विजेता ठरवता येत नाही. ट्रॅक वेगळा, हवा वेगळी, ड्रायव्हर वेगळा.

हातातल्या आकड्यांवरून एवढं मात्र म्हणता येतं: इंजिन शेव्हेलचं जास्त दमदार होतं, पण ब्युइक तिच्यापेक्षा ९० हॉर्सपॉवरनं कमी नव्हती. रस्त्यावर दोघी समोरासमोर आल्या असत्या, तर निकाल बहुधा टायर आणि ड्रायव्हरच्या पायानं लावला असता.

त्यामुळे पुढच्या वेळी 'ही गाडी त्या गाडीला खाते' अशी रील समोर आली, तर फक्त सेकंद बघून शेअर करू नका. ट्रॅप स्पीड बघा, टायर कोणते ते बघा, आणि दोन्ही गाड्या एकाच दिवशी एकाच ट्रॅकवर पळाल्या होत्या का, हेही विचारा.