मेमरीची पत्रिका जुळते का?

घरातल्या संगणकाला पाच-सहा वर्षे झाली की त्याची कुरकुर सुरू होते. मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी दहा-बारा पाने एकदम उघडली की पडदा गोठतो. हिशेबाची फाइल उघडेपर्यंत इकडे चहा उकळून तयार होतो. मग घरात कुणीतरी म्हणतेच, ‘‘अहो, नवा कशाला घेता? रॅम वाढवा की!’’

सल्ला बहुतेक वेळा योग्यच असतो. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा तोकडा असला की एक डबा आत ठेवल्याशिवाय दुसरा बाहेर काढता येत नाही. संगणकही मग दर क्षणाला डिस्ककडे धावत सुटतो आणि आपल्याला वाटते, बिचारा म्हातारा झाला. ४ जीबीच्या जागी ८ किंवा ८ च्या जागी १६ जीबी मेमरी मिळाली, तर घरगुती कामांसाठी तो पुन्हा तरतरीत होऊ शकतो.

खरी अडचण त्यानंतर येते. आधीची पट्टी तशीच ठेवून शेजारी दुसरी बसवली तर चालेल का? भाच्याच्या बंद पडलेल्या संगणकातली पट्टी ड्रॉवरमध्ये पडून आहे, ती लावू का? २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव भराभर चढले. तेव्हापासून जुन्या पट्ट्यांकडे लोक जास्तच आशेने पाहू लागले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो वा बंगळूरचा एस. पी. रोड, जुन्या मालाचे गिऱ्हाईक सगळीकडे आहे. घ्या, पण आधी पत्रिका पाहा.

पिढी वेगळी, तर संसार नाही

मेमरीच्या पिढ्या असतात. डीडीआर-३ हे २००७ चे, डीडीआर-४ बाजारात आले २०१४ मध्ये आणि डीडीआर-५ चे मानक ठरले २०२० मध्ये. या तिघांपैकी कोणतेही दोन प्रकार एका संगणकात एकत्र नांदत नाहीत. त्यांना लागणारा विजेचा दाबही निराळा असतो : डीडीआर-३ ला साधारण १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. पिना मोजून फसू नका. डेस्कटॉपच्या डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्ही पट्ट्यांना २८८ पिनाच असतात. फरक असतो तो खालच्या कडेला असलेल्या खाचेच्या जागेत. ही खाच मुद्दाम सरकवलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये. तेव्हा पट्टी बसत नसेल तर अंगठ्याचा जोर वाढवू नका. पट्टी तर जाईलच, मदरबोर्डही जाईल.

१९९० च्या दशकात संगणक घेतलेल्यांना आठवत असेल, पेंटियमला ७२ पिनांच्या पट्ट्या जोडीनेच लावाव्या लागत आणि एकटी पट्टी पाहून तो सुरूच होत नसे. आजचे संगणक इतके हट्टी नाहीत, पण जोडीची आवड त्यांना अजून आहे.

पिढी एकच, गती वेगळी

समजा, तुमच्याकडे २४०० गतीची डीडीआर-४ पट्टी आहे आणि दुकानदार ३२०० ची देतो आहे. बहुधा चालेल. मात्र बैलजोडीतला एक बैल संथ असला की गाडी त्याच्याच चालीने जाते, तसे दोन्ही पट्ट्या २४०० नेच धावतील. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची गती, आकार, व्होल्टेज सगळे नोंदलेले असते. संगणक सुरू होताना ही पत्रिका वाचतो आणि सर्वांना झेपेल अशी चाल ठरवतो. म्हणून जास्त गतीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आकार वेगळा असला तरी हरकत नाही. ८ जीबीजवळ ४ जीबी बसवली तर बहुतेक मदरबोर्ड दोन्हींतले ४-४ जीबी जोडीने वापरतात आणि उरलेले ४ जीबी एकेरी मार्गाने. समान जोडीइतका वेग मिळत नाही इतकेच. माझ्या मते घरच्या कामाला हा फरक जाणवणारही नाही. ओटा अपुरा पडण्यापेक्षा थोडा वाकडा ओटा परवडला!

एका स्वस्ताईपासून मात्र दूर राहा. जुन्या बाजारात सर्व्हरमधून काढलेल्या, ‘रजिस्टर्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्या फार कमी भावात मिळतात. दिसायला अगदी तशाच असतात, पण घरगुती संगणकात त्या चालत नाहीत.

फोटो जपायचे असतील तर

संगणक सुरू झाला म्हणजे जोडी जमली असे समजू नका. न जुळणाऱ्या किंवा सदोष पट्ट्या कधी कधी रिकाम्या वेळी शहाण्यासारख्या वागतात आणि मेमरी भरली की बिथरतात. निळा पडदा आला तर निदान कळते तरी. पण कळू न देता एखादी नोंद चुकीची वाचली गेली आणि तशीच डिस्कवर जतन झाली, तर लग्नातला फोटो महिन्यांनी उघडताना अर्धा राखाडी दिसतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. नवी पट्टी बसवल्यावर विंडोजमधलेच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ चालवा, किंवा ‘मेमटेस्ट८६’ हा कार्यक्रम रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी परत करा.

बाजारात जाण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ उघडा. किती स्लॉट आहेत, किती भरलेले आहेत आणि गती किती, हे तिथे दिसते. पिढी कळण्यासाठी ‘सीपीयू-झेड’ हा मोफत कार्यक्रम आहे. लॅपटॉप असेल तर आधी त्यात स्लॉट आहे ना, हे पाहा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच डाखलेली असते. आणि विंडोज १० वरचा संगणक असेल तर जरा थांबा. तिची नेहमीची मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. प्रोसेसर फार जुना असेल, तर कितीही रॅम घातली तरी तो संगणक विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र ठरत नाही.

पट्टी बसवताना प्लग काढा, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि धातूच्या कॅबिनेटला हात लावून मगच पट्टी कडेने धरा. क्लिप ‘टक्’ करून बसली पाहिजे. डीडीआर-५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. तेवढा वेळ घाबरून बटण दाबत बसू नका.