लठ्ठ उंदराची गोळी आणि आपण

‘नव्या औषधाने लठ्ठ उंदरांच्या रक्तातील चरबी उतरली’ अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. मग कात्रण घेऊन रुग्ण मला विचारतात, “डॉक्टर, ही गोळी आपल्याकडे मिळेल का?” प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी या उंदराची ओळख करून घेऊ.

१९६१ साली अमेरिकेत लोइस व थिओडोर झुकर यांनी या जातीचे वर्णन केले. आई-बाप दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेले पिल्लू थोड्याच आठवड्यांत लठ्ठ होते. ‘पोट भरले’ हा निरोप देणारे लेप्टिन त्याच्या रक्तात असते. पण मेंदू तो ऐकत नाही. उंदीर खातच राहतो.

साखरेसाठी पेशीचे दार उघडणारी किल्ली म्हणजे इन्शुलिन. या उंदराचे कुलूपच गंजलेले असते. म्हणून स्वादुपिंड कितीतरी पट जास्त इन्शुलिन तयार करते. साखर बरीचशी आटोक्यात राहते. पण ट्रायग्लिसेराइड्स ही चरबी रक्तात भरमसाट वाढते. माणसातही साखर नॉर्मल असताना हा बिघाड सुरू झालेला असू शकतो.

‘ग्लिटाझोन’ गटातील औषधांनी या उंदरांत चांगला गुण दाखवला. रक्तातील चरबी उतरली, कुलूप सैल झाले. गंमत म्हणजे उंदीर बारीक झाले नाहीत, त्यांचे वजन वाढलेच. कारण औषधाने चरबी जाळली नाही. रक्तातली चरबी चरबीच्याच पेशींत नेऊन साठवली.

माणसांत काय झाले? ट्रोग्लिटाझोन १९९७ साली अमेरिकेत विक्रीस आले आणि यकृताला इजा होते असे दिसल्यावर २००० साली मागे घेतले गेले. हृदयाला धोका असल्याच्या शंकेवरून रोझिग्लिटाझोनवर २०१० साली भारतात बंदी आली. पायोग्लिटाझोनची विक्री २०१३ साली थोडे दिवस थांबली व इशाऱ्यासह पुन्हा सुरू झाली. योग्य रुग्णाला ते उपयोगी पडते.

उंदरांना हे आधी का कळले नाही? प्रयोगात उंदीर थोडे, मुदत काही आठवड्यांची. हजारांत एखाद्यालाच होणारी इजा तिथे दिसत नाही. शिवाय झुकर उंदराचा लठ्ठपणा एका जनुकाचा. आपला अनेक जनुकांचा, ताटाचा आणि बैठ्या कामाचा.

म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नका आणि स्वतःची मनाने बंद करू नका. पायोग्लिटाझोन चालू असताना पायांवर सूज, धाप किंवा लघवीतून रक्त दिसल्यास लगेच डॉक्टरांना सांगा.

पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर, स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल, तर उपाशीपोटी साखर व ट्रायग्लिसेराइड्स तपासून घ्या. आणि रोज अर्धा तास भरभर चाला. चालताना स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. हे माणसांतही सिद्ध झालेले आहे.