सालबर्डीची अंडी आणि माळावरचा तणमोर

कोंबडी खुडूक झाली की तिच्या अंगात वेगळंच काही शिरतं. दर्यापूरकडच्या आमच्या गावी आजी जुन्या टोपलीत गोणपाट अंथरायची, त्यावर दहा-बारा अंडी मांडायची आणि खुडूक कोंबडी वर बसवायची. मग एकवीस दिवस ती जागची हलायची नाही. दिवसातून एकदा उठून घाईघाईनं दाणे टिपायची, पाणी प्यायची, धुळीत अंग घुसळायची आणि परत. मी हात जवळ नेला की मान आखडून, सगळी पिसं फुलवून ती दुप्पट व्हायची. आजी चुलीजवळून ओरडायची, "हात नोको घालू बापा, टोचन ते!"

तिची पावलं मला अजून दिसतात. पिवळट, खवल्याखवल्यांची, तीन बोटं पुढे आणि एक मागे. अंड्यांवर बसताना ती एकेक पाऊल इतकं जपून टाकायची की एवढ्या नख्या असूनही एक अंडं तडकायचं नाही.

पुष्कळ वर्षांनी मंगोलियातल्या गोबी वाळवंटातल्या एका सांगाड्याचं छायाचित्र पाहिलं, आणि पहिली आठवण झाली ती या कोंबडीची. तो सांगाडा डायनोसॉरचा होता. पाय दुमडून तो अंड्यांच्या वर्तुळाच्या मधोमध बसला होता आणि दोन्ही हात त्यानं पंखांसारखे अंड्यांवर पसरले होते. वाळूखाली गाडला गेला तेव्हाही तो उठला नव्हता.

या कुळाची कथा मुळातून सांगण्यासारखी आहे. 1923 मध्ये अमेरिकी मोहिमेला गोबीत अंड्यांच्या ढिगाजवळ एक चोचवाला डायनोसॉर सापडला. अंडी दुसऱ्या जातीची असणार आणि हा ती खायला आला असणार, असं धरून 1924 मध्ये त्याचं नाव ठेवलं ओविरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. सत्तर वर्षं तो ठपका तसाच राहिला. 1993 मध्ये त्याच प्रकारच्या एका अंड्यात गर्भाची हाडं सापडली आणि ती निघाली त्याच कुळातल्या पिल्लाची. ज्याला चोर म्हटलं तो बहुधा स्वतःच्याच घरट्यापाशी मेला होता. अंड्यांवर हात पसरून बसलेला सांगाडाही त्याच सुमारास सापडलेला, त्याच्याच भाऊबंदाचा.

आता आपल्याकडे या. मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी वऱ्हाडातल्या माणसाला ठाऊक आहे ते महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आणि डोंगरातल्या महादेवासाठी. अलीकडे अमरावती, पलीकडे मध्य प्रदेशाचा बैतूल. यात्रेकरू ज्या खडकांवरून चढतात त्या परिसरात काळ्या बेसाल्टच्या खाली चुनखडीमिश्रित थर उघडे पडले आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना लॅमेटा थर म्हणतात. 2010 नंतरच्या काही वर्षांत अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र अभ्यासकांना तिथे टायटॅनोसॉरचं हाड मिळालं, आणि अंड्यांचं घरटंही. लांब मानेचा, चार खांबांसारख्या पायांचा, झाडपाला खाणारा हा प्राणी. त्याची अंडी जवळपास गोल, लहान नारळाएवढी. एवढ्या अजस्र आईला अंड्यांवर बसणं शक्यच नव्हतं. ती मऊ मातीत खड्डा करून अंडी घालायची, पुरायची आणि ऊब द्यायचं काम जमिनीवर सोडायची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शिकलेल्या लोकांतही फार पसरला आहे. सालबर्डीचे टायटॅनोसॉर हे पाखरांचे आजे-पणजे नव्हेत. पाखरांची शाखा फुटली ती दोन पायांवर धावणाऱ्या, बहुतेक मांसाहारी डायनोसॉरांमधून, आणि तीही फार आधी. सालबर्डीत अंडी पुरली गेली त्याला सुमारे 7 कोटी वर्षं झाली. तोवर जगात पाखरं उडायला लागून 8 कोटी वर्षं उलटून गेली होती. आधी डायनोसॉर संपले, मग पाखरं आली, असा हा क्रम नाही. कितीतरी काळ ती दोघं एकाच आभाळाखाली नांदली.

पाखरं आणि डायनोसॉर यांचं हे नातं कळायला माणसाला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. 1861 मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीत कावळ्याएवढ्या आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा मिळाला. 15 कोटी वर्षांपूर्वीचा. पंखांना पिसं, पण जबड्यात दात, पंखाच्या टोकाला तीन नख्या आणि सरड्यासारखी लांब हाडाची शेपटी. डार्विनचा ग्रंथ येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. थॉमस हक्स्लीनं 1868 मध्ये पाखरं आणि डायनोसॉर यांचं नातं उघड मांडलं. पुढे 1926 मध्ये गेरहार्ड हाइलमानच्या ग्रंथानं ते नातं जवळजवळ तोडून टाकलं. त्याचा मुद्दा असा की कोंबडीच्या छातीच्या वर इंग्रजी व्ही अक्षरासारखं जुळलेलं जे हाड असतं, ते डायनोसॉरांत दिसत नाही, आणि एकदा गेलेला अवयव परत येत नाही. तर्क पक्का होता, माहिती अपुरी होती. ते हाड 1924 साली वर्णन केलेल्या त्या 'अंडीचोरा'च्या सांगाड्यातच होतं. फक्त ते दुसरंच हाड समजलं गेलं होतं. मला या साऱ्या इतिहासात हीच जागा सर्वांत जास्त अस्वस्थ करते. पुरावा समोरच्या कपाटात होता आणि कित्येक दशकं कुणी तो ओळखला नाही.

मग 1964 मध्ये जॉन ऑस्ट्रॉमला अमेरिकेतल्या मोंटानात डायनोनिकस सापडला. चपळ, पायाला विळ्यासारखी नखी, आणि मनगट थेट पाखरासारखं वळणारं. हक्स्लीचं म्हणणं पुन्हा उभं राहिलं. 1996 मध्ये चीनच्या लियाओनिंग प्रांतातून सिनोसॉरोप्टेरिक्स आला. उडता न येणारा छोटा डायनोसॉर, पण पाठीपासून शेपटीपर्यंत लव असलेला. त्यानंतर पिसांचे डायनोसॉर एकामागून एक निघत गेले. पिसं मुळात उडण्यासाठी आली नव्हती, हे त्यातून स्पष्ट झालं. आधी ऊब, आधी दिखावा, उडणं नंतर.

सालबर्डीच्या अंड्यांवर पुढे काय आलं ते वऱ्हाडात कुणाला सांगायची गरज नाही. आपण त्यावरच उभे आहोत. जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. मधल्या उसंतीत तळी साचली, झाडं उगवली, पुन्हा लाव्हा आला. आज उरलेला दख्खनचा हा खडक जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर पसरला आहे. गाविलगडाचा कडा त्याचाच, आणि पऱ्हाटी-तूर पिकवणारी काळी मातीही त्याच खडकाची झीज. हे लाव्हे वाहत असतानाच, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी आदळला. तो आघात केवढा होता हे समजून घ्यायला लोणारच्या काठावर उभं राहावं. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि तेही अशनीच्याच धडकेनं झालेलं, पण कितीतरी अलीकडचं. मेक्सिकोचं विवर सुमारे 180 किलोमीटर. म्हणजे शंभर लोणार एका ओळीत. अमरावती ते नागपूर या अंतराहूनही जास्त.

त्या धडकेच्या धुळीनं आभाळ झाकलं. त्या अंधारात डायनोसॉरांबरोबर पाखरंही बहुतेक मेलीच. दात असलेली गेली, झाडांवर राहणारी गेली, कारण रानंच जळून गेली होती. वाचली ती लहान, जमिनीवर वावरणारी, आणि बहुधा चोचीनं मातीतलं बी टिपून दिवस काढू शकणारी मोजकी घराणी. कोंबडी आणि बदक यांच्या पूर्वजांची फांदी त्यात होती. आजीची कोंबडी अंगणात माती उकरून दाणा शोधायची, तेव्हा ती तिच्या घराण्याला तारलेलंच काम करत होती, असं मला वाटतं. आज जगात पाखरांच्या सुमारे 11 हजार जाती आहेत. त्या सगळ्या या मूठभर वाचलेल्यांच्या.

बियांवरून गवत आठवतं. गवताची गोष्ट मात्र विदर्भाचीच, आणि ती मला फार प्रिय आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, तिथून डायनोसॉरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा गोळा होते आहे. 2005 मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विष्ठेतले सिलिकाचे सूक्ष्म कण तपासले. ते गवताचे निघाले, आणि त्यात भाताच्या गोतातल्या गवताचेही. गवत डायनोसॉरांच्या नंतरचं, असं तोवर जगभर शिकवलं जात होतं. ते मत विदर्भातल्या एका गावच्या शेणानं बदलायला लावलं.

पाखरांच्या इतिहासातली मधल्या कोट्यवधी वर्षांची पानं आपल्याकडे फार थोडी आहेत. गुजरातेतल्या वस्तान कोळसाखाणीत 5 कोटी वर्षांहून जुनी पाखरांची हाडं मिळाली. शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर रेघा कोरल्या आणि त्याचे मणी केले. म्हणजे तेव्हा आपल्या या माळांवर शहामृग धावत होता.

जवळच्या काळातली एक हानी मात्र उलटी फिरली. 1872 मध्ये छत्तीसगडच्या भागात एक छोटं घुबड मिळालं. पक्षितज्ज्ञ ह्यूमनं दुसऱ्या वर्षी त्याला ते मिळवणाऱ्या ब्लेविटचं नाव दिलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. 1884 नंतर त्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. 1914 चा एक दाखवला जात होता, पण संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला तो जुनाच नमुना होता, हे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांच्या तपासात उघड झालं. त्याच रासमुसेन सोबत्यांना घेऊन हिंदुस्थानात आल्या, आणि 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, उघड्या उन्हात फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. 113 वर्षांनी. पुढच्या दोन-तीन वर्षांत फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत तो मेळघाटातही आढळला, आणि आज मेळघाट हे त्याचं मोठं घर आहे. सागाच्या विरळ रानात दिवसाढवळ्या शेपटी झटकत बसणारं हे घुबड आपल्या जिल्ह्यात होतं आणि जग त्याला मेलेलं समजत होतं.

तणमोराच्या बाबतीत असं भाग्य अजून दिसत नाही. माळढोकाच्या घराण्यातला हा आपल्याकडचा सर्वांत लहान पक्षी, कोंबडीहून फार मोठा नव्हे. जगात आता मोजके शेकडोच उरले आहेत. त्याला लागतं ते फक्त गवत, आणि गवत म्हणजे पडीक जमीन असं आपण ठरवून टाकलं. ई-क्लासच्या गायरानांवर नांगर चालला, सोयाबीन आलं, झाडं लावायचे कार्यक्रमही माळावरच झाले. अकोला-वाशीमच्या माळांवर जे थोडं राखलं गेलं, त्यात फासेपारधी लोकांचा हात मोठा आहे. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून ज्यांनी पाखरं धरली, त्यांनाच पाखराची वाट, वेळ आणि दडायची जागा ठाऊक. तीच विद्या त्यांनी राखणीला लावली.

एका श्रावणात मी अशाच एका पारधी गड्याबरोबर बार्शीटाकळीकडच्या माळावर गेलो होतो. पाऊस उघडला होता, गवत गुडघाभर होतं. "उभे नोका राहू, खाली बसा," तो म्हणाला. बराच वेळ काही नाही. मग गवतातून काळंभोर काहीतरी सरळ वर उसळलं, माणसाच्या उंचीएवढं. पांढरे पंख झडझडले, बेडकासारखा एक आवाज आला, डोक्यामागची लांब वळणदार पिसं क्षणभर आभाळावर दिसली, आणि पाखरू होतं तिथेच खाली पडल्यासारखं उतरलं. थोड्या वेळानं पुन्हा. दिवसात शेकडो वेळा नर ही उडी मारतो, आणि कुठे जाण्यासाठी नाही. गवतात कुठेतरी उभी असलेली मादी बघते आहे म्हणून.

मादी आम्हाला दिसली नाही. "हाये ते," गडी म्हणाला आणि गवताच्या एका दाट पट्ट्याकडे बोट केलं. नराची उडी संपल्यावर ती एकटीच गवतात जमिनीवर तीन-चार अंडी घालते आणि सुमारे एकवीस दिवस त्यांवर बसते. परतताना त्यानं मला त्या पट्ट्याला मोठा वळसा घालून आणलं.