क्लिक तर सगळेच करतात, बॉस!

हातात कॅमेरा आहे, इन्स्टावर लाइक्स आहेत आणि सोमवारी ऑफिसला जायचा प्रचंड कंटाळा आहे. पण फोटोग्राफीवर घर चालतं का? नाशिकच्या फोटोवाल्यांच्या धंद्याचा हा हिशेब...

शनिवार, सकाळचे साडेसहा. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर. थंडी मस्त पडलेली, पाण्यावर धुकं. लांबलचक गाऊनचा घोळ सावरत एक मुलगी दगडावर उभी आहे. शेजारचा ब्लेझरमधला मुलगा, दात वाजताना दिसू नयेत म्हणून ओठ घट्ट मिटून हसतोय. समोर एक जण ओल्या गवतात चक्क आडवा होऊन फोटो काढतोय, दुसऱ्याने रिफ्लेक्टर धरलाय आणि तिसरा या सगळ्याचं मोबाइलवर रील बनवतोय. थोडं पुढे जा, आणखी एक जोडपं, आणखी एक टीम. प्री-वेडिंगचा सीझन सुरू झालाय!

हे बघून आपल्यातल्या अनेकांच्या डोक्यात एकच किडा वळवळतो. काय भारी काम आहे यार! सुंदर जागी फिरायचं, सुंदर माणसांचे फोटो काढायचे आणि वर पैसे घ्यायचे. नाहीतर आपण! एक्सेल शीट, टार्गेट, अप्रेझल... ईएमआयवर घेतलेला कॅमेरा महिन्यातून दोनदा बॅगेतून बाहेर येतो. टाकावा का राजीनामा?

थांबा. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या, आधी पैशांचं बोलू. आम्हाला मास कॉमला फोटोग्राफीचा अख्खा पेपर होता. अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, रूल ऑफ थर्ड्स, सगळं शिकवलं. बिल कसं करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. आणि गंमत म्हणजे, खरी गोम तिथेच आहे.

कपाटातलं सोनं

आईबाबांच्या लग्नाचा अल्बम काढून बघा. फोटो किती? शंभर, फार तर दीडशे. कारण रोल छत्तीस फोटोंचा असायचा आणि प्रत्येक क्लिकला पैसे पडायचे. फोटोवाला मोजून-मापून बटण दाबायचा. मग रोल लॅबमध्ये धुवायला जायचा, घरी पसंतीचा कार्यक्रम व्हायचा, अल्बम यायचा.

पण त्याची कमाई अल्बमवर संपत नव्हती. मावशीला हळदीच्या फोटोची कॉपी हवी असायची, मामांना विहिणींच्या पंगतीची. बारशाला आलेली आत्या ‘तो ग्रुप फोटो मला पण’ म्हणायची. दहा वर्षांनी आजोबा गेले, की भिंतीवर लावायला मोठा फोटो करण्यासाठी घरातलं कुणीतरी त्याच स्टुडिओच्या पायऱ्या चढायचं. कारण निगेटिव्ह त्याच्याच कपाटात! एक क्लिक आणि विक्री पाच-दहा वेळा. स्टुडिओवाल्याचं ते कपाट म्हणजे त्याची फिक्स्ड डिपॉझिट होती, म्हणा ना.

डिजिटलने नेमकं हे कपाट रिकामं केलं. डिजिटलमुळे फोटो काढणं सोपं झालं, हे आपण सगळेच बोलतो. कॉपी फुकट झाली, हे मात्र कुणी बोलत नाही. आता लग्न उरकलं की पहिली फर्माईश काय? ‘दादा, रॉ डेटा पण द्या हं पेनड्राइव्हमध्ये!’ पेनड्राइव्ह गेला, की त्या लग्नातून पुन्हा कधी एक रुपया यायचा नाही. पूर्वीचा फोटोवाला कॉपी विकत होता, आजचा स्वतःचे दिवस विकतो. आणि न विकला गेलेला दिवस काही कपाटात ठेवता येत नाही.

कायद्याचीही बाजू जाणून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. फोटोग्राफर नव्हे! म्हणजे तुम्ही काढलेला नवरीचा तो झक्कास फोटो तुमच्याच पेजवर टाकायचा, तरी करारात तसं एक वाक्य हवं. आपल्याकडे लग्नाची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके डन’वर पक्की होते. करार वगैरे कोण करतो?

पासपोर्ट नाशिकचा, फोटो सरकारी

मोठ्या लग्नांची चर्चा होते, पण गल्लीतल्या स्टुडिओचं भाडं निघायचं ते पासपोर्ट साइजवर. शाळेचा प्रवेश, नोकरीचा अर्ज, लायसन्स, बँकेचं खातं... पडद्यासमोर स्टुलावर बसा, हनुवटी जरा खाली, झालं. पाच मिनिटांचं काम, पण रोजचं.

देशाची पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, हे प्रत्येक नाशिककर पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण त्या पुस्तिकेतला मोठ्या माणसांचा फोटो आता पासपोर्ट सेवा केंद्राच्या काउंटरवरच काढतात. आधारचं तेच. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नाशिक विभागातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तिथून पुढे घरातल्या प्रत्येकाचा फोटो वेबकॅमने निघाला. (तो कसा निघाला, ते आपापल्या कार्डावर बघा!) आरटीओतही फोटो काउंटरवरच. उरलेसुरले फॉर्म मोबाइलवरच्या क्रॉप केलेल्या फोटोवर भागतात. रोजचा गल्ला असा हळूहळू आटला.

तीन सिंहस्थ, तीन जमाने

नाशिककर काळ सिंहस्थाने मोजतात. फोटोच्या धंद्यालाही ही मोजपट्टी फिट्ट बसते.

२००३ चा सिंहस्थ आठवतो? कॅननचा ३००डी हा त्या मानाने स्वस्त डिजिटल एसएलआर त्याच वर्षी बाजारात आला, पण घराघरांत अजून रोलच होता. रामकुंडावर कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे एकतर पेपरवाला, नाहीतर स्टुडिओवाला, नाहीतर परदेशी पाहुणा. २०१५ येईपर्यंत कोडॅकसारखी कंपनी दिवाळखोरीत जाऊन आली होती (जानेवारी २०१२), इन्स्टाग्राम पाच वर्षांचं होत आलं होतं आणि साधूंच्या मिरवणुकीत पुढच्या माणसाच्या डोक्यापेक्षा त्याचा मोबाइलच जास्त दिसत होता. पुढच्याच वर्षी डेटा स्वस्त झाला आणि फोटोबरोबर व्हिडिओही सगळ्यांचा झाला. आता पुढची अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. तोपर्यंत हजार फोटोंतून चांगले शंभर निवडणारं, चेहऱ्यावरचे डाग पुसणारं, इतकंच काय, कुठेही न जाता घाटावरचा सूर्योदय तयार करून देणारं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या हातात आहेच.

मग स्नानाचा फोटो विकून कोण कमावणार? स्टॉक फोटोंच्या वेबसाइट्सनी फोटोचा भाव केव्हाच पाडलाय. पण इथे एक बारीकशी फट आहे. कुणाच्याही ऑर्डरवर नव्हे, तर स्वतःसाठी काढलेला फोटो संपूर्ण तुमचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, लासलगावला कांद्याच्या लिलावाची रांग, बदलत जाणारे जुने वाडे... हे ज्याने वर्षानुवर्षं, तारीखवार काढून ठेवलंय, त्याच्याकडे पुन्हा एक कपाट आहे. ते लगेच भाडं देणार नाही, हे खरं.

मुहूर्त नाही, पगार नाही

तुमचा पगार एक तारखेला येतो. फोटोवाल्याचा पगार पंचांगात असतो!

तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू. आषाढी एकादशीला देव झोपले, की फोटोवालेही घरी. मधे पौष, मधे गुरू-शुक्राचा अस्त. २०२६ सालचंच घ्या. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन सुट्टीच्या सीझनचा महिना गुल! त्यात नाशिकची खास अडचण वेगळीच. सिंहस्थात लग्नं करावीत की नाही, यावर इथे दर बारा वर्षांनी घराघरांत वाद होतो आणि काही घरं सरळ थांबतात. २०२० मध्ये करोनाने तर पंचांगच बंद पाडलं. पन्नास पाहुण्यांच्या लग्नाला तीन कॅमेरे कोण लावणार?

आता जरा आकडेमोड करा. समजा, वर्षाला पंचवीस लग्नं मिळाली आणि प्रत्येकाचं पॅकेज साठ हजारांचं. पंधरा लाख! उडी मारावीशी वाटली ना? पण त्यातून कँडिडवाल्याचा रोज, सिनेमॅटिकवाल्याचा रोज, ड्रोनवाला, एडिटिंग, करिझ्मा अल्बमची छपाई, गाडीचं पेट्रोल. समजा, निम्मे गेले. उरले साडेसात. त्यातून कॅमेरा. मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्याचं शटर साधारण दीड-दोन लाख क्लिक्ससाठी तपासलेलं असतं. दिवसाला तीन हजार क्लिक्स धरले, तर पन्नास दिवसांत दीड लाख उडाले. लग्न दोन दिवसांचं असेल, तर एका वर्षातच त्याची गॅरंटीड जवानी संपली. शिवाय दुसरा कॅमेरा हवाच, कारण वरमाला पुन्हा घालायला लावता येत नाही. आणि धंदा वाढून वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली, की जीएसटीचा नंबर आलाच.

म्हणून इथले शहाणे फोटोवाले एका लग्नाच्या टोपलीत सगळी अंडी ठेवत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना कॅटलॉगसाठी मशीनचे पार्ट्स काढून हवे असतात. चकचकीत स्टीलवर लाइट लावणं हे नवरीवर लाइट लावण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि त्याला मुहूर्त लागत नाही. द्राक्षं एक्स्पोर्ट करणारे आहेत, वायनरीज आहेत, गंगापूर रोडच्या नव्या कॅफेंचे मेनू आहेत, बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट आहेत. यातलं काही इन्स्टावर टाकून लाइक्स मिळत नाहीत. चेक मात्र मिळतो. (तोही नव्वद दिवसांनी. फोन करून करून!)

या धंद्यातला सीनियर

धंदा पायाखालून सरकला म्हणून हळहळणाऱ्यांसाठी नाशिककडे एक जबरदस्त उदाहरण आहे. दादासाहेब फाळके! ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाला आपण सिनेमाचा जनक म्हणून ओळखतो, पण ते आधी फोटोग्राफर होते. जे. जे. आणि मग बडोद्याचं कलाभवन करून त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ थाटला. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं, स्टुडिओही सुटला. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, भागीदारांशी बिनसलं तसा तोही सोडला. सिनेमा पाहिल्यावर विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि कॅमेरा आणला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लागला, त्यानंतर मुक्काम नाशिक.

फोटो, छपाई, सिनेमा. तीनदा त्यांनी जुनं टाकून नवं धरलं. चौथ्यांदा, १९३१ मध्ये बोलपट आला, तेव्हा ते साठीत होते. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्येच गेले, सिनेमापासून दूर. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आपण तिथे सेल्फी काढतो.

आणि राजीनाम्याचं म्हणाल, तर गौतम राजाध्यक्षांचं गणित मला जास्त पटतं. ग्लॅमर फोटोग्राफीतलं मराठी माणसाचं सगळ्यात मोठं नाव, पण ते लिंटास या जाहिरात कंपनीत वर्षानुवर्षं नोकरी करत होते. नटनट्यांचे पोर्ट्रेट्स १९८० पासून सुरू झाले, नोकरी सोडली १९८७ मध्ये. म्हणजे सात वर्षं दोन्ही डगरींवर पाय! तुमच्याकडे शनिवार-रविवार आहेत. एखाद्याच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून एक सीझन काढा. पहाटे चारला बॅग भरा, दुपारी पंगत उठेपर्यंत उपाशी राहा, रात्री बारापर्यंत रिसेप्शन. मग सोमवारी ऑफिसात बसून बघा, राजीनाम्याचा मेल अजून पाठवावासा वाटतो का.

तर, धरणावर आता साडेआठ झालेत. धुकं गेलंय, ऊन कडक व्हायला लागलंय, आता चेहऱ्यावर सावल्या पडणार. जोडपं गाडीत बसून कपडे बदलायला निघालं. आपला फोटोवाला चिखलाचं शर्ट झटकत टपरीवर येतो, चहा सांगतो. पण चहाच्या आधी लॅपटॉप उघडतो, कार्ड एका हार्ड डिस्कवर उतरवतो, मग दुसऱ्या हार्ड डिस्कवर. दोन्ही पूर्ण होईपर्यंत कपाला हात नाही. मग फोन काढून नवऱ्या मुलाला मेसेज टाइप करतो. बॅलन्सचं जरा बघा ना, प्लीज.