वाशिमला शेवाळाचे तेल नको, रंग हवा

वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. सोयाबीनमध्ये सुमारे 20 टक्के तेल असते, तर वाळवलेल्या स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळात स्निग्धांश जेमतेम 6 ते 8 टक्के. त्यामुळे इथे शेवाळाच्या तेलामागे धावण्यात अर्थ नाही. खरे मोल आहे ते फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याला. ओले स्पिरुलिना गोठवून वितळू दिले की पेशी फुटतात, निळाई पाण्यात उतरते आणि हिरवा चोथा खाली बसवून वेगळा करता येतो. अमेरिकेने 2013 मध्ये गोळ्या आणि च्युइंगमसाठी हा रंग मान्य केला.

मग शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातूनच हे शेवाळ का उपसू नये? तिथल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिना आपसूक वाढते, हे खरे. पण ते अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही. शिवाय उघड्या पाण्यात इतर, प्रसंगी विषारी, जीवही मिसळलेले असतात. टाक्यांतली लागवडच योग्य. दुष्काळी भागात त्यासाठी पाणी कुठले, हा आक्षेप मात्र रास्त आहे. शेवाळ गाळल्यावर उरलेले पाणी पुन्हा टाकीत सोडता येते; बाष्पीभवनाची तूट साठवलेल्या पावसाच्या पाण्यातून भरून निघणार नसेल, तर तिथे टाकी बांधूच नये.